रागावर लिंबाची गोळी

छोटीला राग आला की दादा खिशात हात घालायचा. खिशात लिंबाच्या गोळ्या असायच्या, चकचकीत कागदात पिळून बांधलेल्या. त्यातली एक सोडायची, बहिणीच्या तोंडात कोंबायची, आणि आजूबाजूला जो कोणी असेल त्याला हलक्या आवाजात सांगायचं, साखर उतरलीय तिची, आत्ता होईल शांत. ऐकणाऱ्याला दादाचं भारी कौतुक वाटायचं. गल्लीतली पोरं त्याला गोळीवाला काकाच म्हणायची. असा भाऊ मिळायला नशीब लागतं, असं बायका छोटीला तोंडावर सांगायच्या. तिच्या तोंडात तेव्हा गोळी असायची, त्यामुळे उत्तर द्यायची सोय नसायची.

आता छोटी म्हणजे काही लहान पोर नव्हे. पन्नाशीला टेकलेली, रुंद हाडाची, मनगटात पुरुषाला लाजवेल एवढा जोर असलेली बाई. घरात शेंडेफळ म्हणून छोटी, ते नाव चिकटलं ते चिकटलं. नाकावर राग तर जन्मापासून होता. बाबा म्हणायचे, ही पाळण्यातून खाली उतरली तीच भांडत.

बाबांचं कुशनचं दुकान होतं. सोफे, खुर्च्या, कोचांच्या पाठी, जे बसून बसून दबलं ते इथे यायचं. पुढे काउंटर आणि कापडांचे नमुने, मागे काम करायची लांबट खोली. तिथे काथ्याचे ढीग, फोमचे ठोकळे, स्प्रिंगांची पोती आणि सगळ्यावर बसलेली धूळ. दादाच्या हाताला वळण नव्हतं. बाबांनी त्याला तीनदा शिकवायला घेतलं आणि तिन्ही वेळा त्याने अंगठ्यावर हातोडी मारून घेतली. जिभेला मात्र असं वळण की समोरचा जुनी खुर्ची घेऊन यायचा आणि नवा सोफा सांगून जायचा. म्हणून तो पुढे बसला आणि छोटी मागे. कुशनकाम करणारे तोंडात मूठभर बारीक खिळे धरतात, जिभेने एकेक पुढे ढकलतात आणि हातोडीला लोहचुंबक असतं त्यावर उचलून ठोकतात. छोटी हे दहाव्या वर्षापासून करत होती. तिच्या तोंडात दिवसभर एक तर खिळे असायचे नाही तर दादाची गोळी.

साखरेचं दुखणं त्याच्याही आधीचं. शाळकरी वयातच तिच्या स्वादुपिंडाने इन्शुलिन करणं बंद केलं. मग रोज सुया. कधी पोटात, कधी मांडीत, घरात दुसरं काही चुकेल पण सुई चुकायची नाही. इन्शुलिन जरा जास्त झालं, जेवायला उशीर झाला किंवा काम जड पडलं की साखर धाडकन खाली यायची. जीभ अडखळायची, डोकं फिरायचं, माणूस वाटेल ते बोलू लागायचं आणि मग पडायचं. पहिल्यांदा ती मागच्या खोलीत काथ्याच्या ढिगावर पडली तेव्हा दादा तिला पाठुंगळी मारून अनवाणी दवाखान्यापर्यंत धावला होता. तळपाय सोलून निघाले होते त्याचे. हे खरं आहे, आणि छोटीने ते कधी नाकारलं नाही. त्या दिवशी डॉक्टरांनी त्याला सांगितलं, खिशात काहीतरी गोड ठेवत जा. तेव्हापासून त्याने ठेवलं.

पण बघा हं, साखर उतरली की माणूस चिडतं, हे जसं दादाला कळलं तसं त्याला दुसरंही कळलं, की चिडलेल्या माणसाला साखर उतरली म्हटलं की त्याचं बोलणं कोणी मनावर घेत नाही. हे त्याला नेमकं कधी कळलं कोण जाणे. त्याने मनात हिशोब मांडून केलं असंही नाही. पण पायाखाली सापडलेली वाट सोयीची असली की माणूस तीच धरतो. छोटी चिडायची, मला विचारल्याशिवाय गिऱ्हाइकाला तारीख कशी दिलीस म्हणून. गोळी. मी सांगितलेलं कापड सोडून हे चिंधूक का आणलंस म्हणून. गोळी. मी रात्रंदिवस राबून केलेला सोफा तू स्वतःच्या हातचा म्हणून सांगतोस, लाज नाही वाटत? दोन गोळ्या. बाबा गेले, दुकान दादाच्या नावावर झालं, त्या दिवशी छोटीने घर डोक्यावर घेतलं तेव्हा वहिनीने तर सरळ सरबताचा पेलाच आणला. आवळा देऊन कोहळा काढणं म्हणतात ते हे.

आणि सगळ्यात वाईट काय, तर छोटीचं तिलाच कळेनासं झालं. लहानपणी साखर उतरताना घाम फुटायचा, हात थरथरायचे, शरीर आधी सांगायचं. इतकी वर्षं दुखणं अंगात मुरल्यावर ते सांगणं बंद पडलं. साखर गुपचूप उतरायची आणि आधी दुसऱ्याला दिसायची. त्यामुळे डोक्यात तिडीक गेली की तिच्या मनात पहिला विचार यायचा, मी खरंच चिडलेय की माझी साखर उतरलीय? एवढं विचारेपर्यंत गोळी विरघळलेली असायची आणि भांडणाची वेळ निघून गेलेली असायची. स्वतःच्या रागावर विश्वास नसणं काय असतं हे ज्याचं त्यालाच ठाऊक.

मग नाट्यगृहाचं काम आलं. अख्खं प्रेक्षागृह, खालच्या खुर्च्या आणि बाल्कनीच्याही. छोटीच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम. पुढच्या ओळींपासून तिने सुरुवात केली. पट्टे ताणले, स्प्रिंगा बाबांच्या पद्धतीने आठही बाजूंनी सुतळीने बांधल्या, वर कडक फोम आणि मग लाल मखमल. खालचं सगळं तिच्या हातचं झालं. बाल्कनी राहिली होती तेवढ्यात छोटी साखर उतरून पडली आणि दवाखान्यात भरती झाली. परत आली तेव्हा बाल्कनी तयार. दादाने दुसरी माणसं लावून उरकून घेतलं होतं. छान झालंय, तू आराम कर, म्हणाला.

वर्ष उलटायच्या आत बाल्कनीतल्या खुर्च्या खड्ड्यासारख्या बसल्या. मॅनेजरने दोघांना बोलावून घेतलं. हा मॅनेजर भला माणूस, बारीक आवाजात बोलणारा, भांडण दिसलं की चष्मा पुसत बसणारा. छोटीने एका खुर्चीवर नुसता तळवा दाबला आणि तिला कळलं की आत कडक फोम नाही, तुकडे भरलेत. ती तिथेच दादावर उसळली. काय भरलंस यात, कोणाला फसवलंस, बाबांच्या दुकानाचं नाव मातीत घातलंस. दादाने मॅनेजरकडे बघून एक सुस्कारा टाकला, खिशात हात घातला आणि गोळी सोडली. बाल्कनीचं काम हिनेच केलं, म्हणाला. साखर खालीवर होते, मग हातून असं होतं. दोष तरी कुणाला द्यायचा?

दिवसाढवळ्या, चार लोकांसमोर, त्याने ती गोळी तिच्या ओठांत ढकलली. मॅनेजरने मान हलवली, चष्मा पुसला, आणि जाताना दादाला म्हणाला, "काळजी घ्या हो यांची."

घरी येऊन छोटीने बोटाला टोचून मशीनवर साखर बघितली. तीनशेच्या वर होती. म्हणजे गोळी घ्यायच्या आधीही ती उतरलेली नव्हतीच, चढलेली होती. तिने मशीन दादासमोर नाचवलं. तो म्हणाला, बघ, गोळीने कशी लगेच वर आली! आता अशा माणसाशी काय बोलणार? गोगलगाय आणि पोटात पाय. नाट्यगृहाने पुढची किरकोळ दुरुस्ती दुकानालाच दिली, पण एका अटीवर, की बहिणीचा हात लागता कामा नये. ती अट दादानेच तिला सांगितली, अगदी दुःखी चेहऱ्याने. त्या दिवसापासून छोटीने मनात गाठ मारली. याचं उट्टं काढल्याशिवाय मरायचं नाही.

मरायची वेळ मात्र मध्येच येऊन गेली. एका दुपारी रस्ता ओलांडताना काही न जाणवता ती कोसळली, आणि मालवाहू गाडी तिच्या डोक्यापासून हातभर अंतरावर थांबली. वेळ आली होती पण काळ आला नव्हता, दुसरं काय. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तेव्हा पहिल्यांदा स्वादुपिंडाच्या प्रत्यारोपणाचं बोलणं काढलं. गेलेल्या माणसाचं स्वादुपिंड, त्याच्या घरच्यांनी दिलेलं, तुमच्या पोटात बसवायचं. ते तुमच्यासाठी इन्शुलिन करेल, लागेल तेवढंच. सुया सुटतील, असं पडणं सुटेल. पण त्यांनी गोड बोलून गळ्यात मारलं नाही. बहुतेकांना हे मूत्रपिंडासोबत करतात, म्हणाल्या, एकटं स्वादुपिंड क्वचितच. तुम्हाला साखर उतरल्याचं कळतच नाही, म्हणून तुमच्यासाठी विचार करतोय. ऑपरेशन मोठं आहे. रक्ताची गुठळी झाली तर नवं स्वादुपिंड पहिल्या काही दिवसांतच जाऊ शकतं. आणि टिकलं तर ते शरीराने परकं म्हणून नाकारू नये यासाठी औषधं जन्मभर, ती प्रतिकारशक्ती दाबून टाकतात. म्हणजे सुया जाऊन गोळ्या येणार. नीट विचार करा.

मग त्यांनी विचारलं, तुम्हाला हे कशासाठी करून घ्यायचंय? लोक काय काय सांगतात, प्रवास करायचाय, एकटं राहायचंय, पोटभर गोड खायचंय.

छोटी म्हणाली, "मला भांडायचंय."

डॉक्टरीणबाई हसल्या. छोटी हसली नाही.

दादाने विरोध केला. मनापासून केला, खोटं नाही. डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, कशाला पोट फाडून घेतेस, काही झालं तर? मी आहे ना. हे 'मी आहे ना' ऐकलं आणि छोटीचं उरलंसुरलं डळमळणं संपलं. तिने होकार कळवला.

बरेच महिने थांबावं लागलं. मग एकदा सकाळी फोन आला, निघून या, आणि दादानेच तिला गाडीत घालून नेलं. नवं स्वादुपिंड तिच्या ओटीपोटात उजव्या बाजूला बसवलं. जुनं तिथेच ठेवलं, ते काढत नाहीत. त्याचं इन्शुलिनचं काम बंद पडलेलं असलं तरी अन्न पचवायचा रस ते करतच असतं. छोटीला हे ऐकून दादाच आठवला. निम्मं काम करणारा आणि काढून टाकता न येणारा.

देणारं माणूस कोण होतं हे तिला सांगितलं नाही, सांगतही नाहीत. अंथरुणावर पडल्या पडल्या तिने त्या माणसाची मनातल्या मनात माफी मागितली. तुझं हे दान मी काही देवमाणसासारखं वापरणार नाहीये, म्हणाली. मला एकाचा हिशोब करायचाय. मग तुझं आणि माझं, दोघांचं पोट शांत होईल.

एक दिवस गार चहा आणला म्हणून ती नर्सवर खेकसली. खेकसता खेकसता थबकली आणि म्हणाली, आधी माझी साखर बघा. नर्सने बघितली. अगदी नीट, निरोगी माणसाची असते तशी. छोटीने चहाचा पेला हातात धरला आणि ढसाढसा रडली. नर्स बिचारी गोंधळून दुसरा चहा आणायला पळाली. तिला काय माहीत, की या बाईला चाळीस वर्षांनी पहिल्यांदा स्वतःचा राग सापडला होता.

घरी आल्यावर तिने पहिल्याच आठवड्यात तोंड उघडलं असतं. पण दादा तयारच होता. कोणीही बघायला आलं की तो हळूच सांगायचा, ती स्टेरॉइडची औषधं चालू आहेत ना, त्याने माणूस फार चिडचिडं होतं म्हणे. झालं! एक दार बंद केलं तर याने खिडकी उघडली. छोटी दातओठ खात डॉक्टरीणबाईंकडे गेली. हे खरं आहे का? खरं आहे, त्या म्हणाल्या, होतो तसा परिणाम. पण ते औषध आपण हळूहळू कमी करून बंद करणार आहोत. बाकीची दोन चालू राहतील, त्यांचं तसं काही नाही.

मग छोटीने जे केलं ते तिच्या जन्मात तिने कधी केलं नव्हतं. ती गप्प बसली. सूड घ्यायचा तर स्वच्छ घ्यायचा, त्यावर औषधाचा डागसुद्धा नको. दादाने तिचं काम स्वतःच्या नावावर खपवलं, तिने ब्र काढला नाही. वहिनीने तिच्या खोलीत कापडाचे तागे रचले, मूग गिळले. घरातले म्हणू लागले, नव्या स्वादुपिंडाने स्वभावच बदलला हिचा, किती गोड झाली! दादा तर ज्याला त्याला हे सांगत सुटला. सांगू दे, छोटी मनात म्हणाली, मोठ्यांदा सांगू दे, सगळ्या गावाच्या कानावर जाऊ दे. शेवटची स्टेरॉइडची गोळी घेऊन झाली, नंतरची तपासणी झाली, डॉक्टरीणबाईंनी सगळं उत्तम म्हणून सांगितलं. तरी ती आणखी थोडी थांबली. घोडामैदान जवळच होतं.

नाट्यगृहाने पुन्हा बोलावलं. बाल्कनी आता इतकी दबली होती की मागच्या लोकांना रंगमंच दिसेना. सगळी पुन्हा करायची होती. छोटी म्हणाली, मीपण येते. दादा खुशाल हो म्हणाला. गोड झालेली बहीण, तिची कसली भीती?

दुपारची वेळ, प्रेक्षागृह रिकामं, दिवे लागलेले. रंगमंचावर दोघे कामगार पडदा उतरवत होते. मॅनेजर चष्मा हातात घेऊन बाल्कनीत उभा होता. छोटी खाली जाऊन आपल्या हातच्या एका खुर्चीवर बसून आली. जशी केली तशीच होती. मग वर येऊन म्हणाली, यातली एक खुर्ची इथेच उघडा.

दादा म्हणाला, काय गरज आहे, दुकानात नेऊ, बघू. तिने पुन्हा सांगितलं. तो पुन्हा हसला. आणि मग तिने तोंड उघडलं. बाल्कनी मी केली नाही, तू केलीस, मी दवाखान्यात होते. सगळ्यांसमोर खोटं बोललास. केसाने गळा कापलास माझा. आवाज असा चढला की खालचे कामगार पडदा धरून वर बघू लागले. मॅनेजरने घाईघाईने एका खुर्चीची बैठक खाली पाडून दिली, बसा बसा म्हणाला. आणि दादा? त्याचा हात खिशात गेला. सवयच ती. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच छोटी त्या हाताची वाट बघत होती.

"थांब," ती म्हणाली. पर्समधून मशीन काढलं, बोटाला टोचलं, आणि आकडा आधी मॅनेजरसमोर धरला. शंभरच्याही आत, अगदी जिथे असायला हवा तिथे. "ही माझी साखर," ती म्हणाली. "आणि हा माझा राग. आता ऐका."

तिने दादाच्या हातात पक्कड आणि चिमटा दिला. जुन्या खुर्च्यांची धूळ मला डॉक्टरांनी मना केलीय, म्हणाली, तूच उघड. स्वतः तोंडाला मास्क बांधून दोन ओळी लांब उभी राहिली. मॅनेजर बघत होता, कामगार बघत होते, नाही कसं म्हणणार? दादाने गुडघ्यावर बसून खिळे उपटले, मखमल फाडली. आतून पिवळा पडलेला भुगा भसाभस त्याच्या शर्टावर सांडला. फोमचे तुकडे, नुसते डिंकाने चिकटवलेले, एकावर एक. स्प्रिंगांना सुतळीचा एक धागासुद्धा नव्हता. आता खालची उघडायची का, छोटीने विचारलं. मॅनेजर म्हणाला, नको, खालची आम्ही रोज बघतोच, एकही बसली नाही.

दादा उठला. खोकत होता, चेहरा लाल झाला होता, आणि मग जन्मात कधी न चढलेला त्याचा आवाज चढला. "किती बोलशील? मी नसतो तर कधीच मेली असतीस तू! पाठीवर घालून धावलोय मी, अनवाणी! किती वेळा परत आणलं तुला, आणि त्याचे हे पांग फेडतेस?"

तेही खरं होतं. शब्द न् शब्द खरा होता, आणि म्हणूनच तर तिला त्याचा इतका राग होता. ज्याने जीव वाचवला त्यानेच तोंड बंद केलं, मग त्याच्याशी भांडायचं तरी कुठल्या तोंडाने? तिला क्षणभर ते सोललेले तळपाय आठवले. मग त्याच हाताने ओठांत ढकललेली गोळी आठवली. ती दोन ओळी चालून पुढे आली. दादाच्या मुठीत ती मघाचीच गोळी अजून होती, अर्धी सोडलेली. तिने ती काढून घेतली, कागद पूर्ण सोडला, आणि तो पुढचं काही बोलायच्या आत त्याच्या तोंडात घातली.

मग मॅनेजरकडे वळून हलक्या आवाजात म्हणाली, "साखर उतरलीय त्याची. आत्ता होईल शांत."

दादा तोंडात गोळी घेऊन उभा राहिला. थुंकणार कुठे, मखमलीवर? गिळणार कशी, एवढी मोठी? बोलायला गेला तर शब्दांऐवजी लाळ आली. खाली कामगारांपैकी एक फिसकन हसला. मॅनेजरने चष्मा पुसला, पुन्हा घातला, दादाकडे बघितलं आणि मान हलवली. तीच मान, तशीच, त्या दिवशीसारखी. छोटीला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, खूप बरं वाटलं तिला. इतकं बरं तर सुया सुटल्या तेव्हाही वाटलं नव्हतं.

बाल्कनी तुम्हीच करा, मॅनेजर तिला म्हणाला, तुमच्याच हाताने. आणि जाता जाता, बारीक आवाजात, "काळजी घ्या हो यांची."

"घेते ना," छोटी म्हणाली. तिने दादाच्या खिशात हात घातला, उरलेल्या सगळ्या गोळ्या काढल्या आणि आपल्या पर्समध्ये टाकल्या.